नखभर वर आलेली लादी

डेलिथ कार्बेरी कुणाच्याही घरी गेली की आधी दारातच वाकायची आणि बोटाच्या पेराने जमीन ठोकायची. "कशी आहेस, बरी आहेस ना" वगैरे नंतर. टणक आवाज आला तर पुढे जायची. ठप्प आवाज आला तर भुवया चढवून म्हणायची, "पोकळ झालीय. चहा टाक, बसून बोलू."

कार्डिफमधल्या आमच्या स्प्लॉट भागात घरं एकाला एक चिकटलेली. दार उघडलं की दोन माणसं अंग चोरून जातील एवढा पॅसेज, आणि त्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लाद्यांची नक्षी. तांबड्या, पिवळट, काळ्या, आणि मधोमध एखादी फुलाची. लोकांनी त्यावर काय काय चिकटवलं! डांबर, लिनोलियम, गालिचे, गालिच्यांचे खिळे. डेलिथ ते सगळं खरवडून काढायची. सुटलेल्या लाद्या उचलायची, पाठीवरचा जुना चुना टवके मारून उडवायची आणि परत बसवायची. चाळीस वर्षं हेच.

हे ती बापाकडून शिकली. ट्रेफरला दोन मुलगेही होते, पण एकाचे गुडघे टिकले नाहीत आणि दुसऱ्याचा धीर. डेलिथचे दोन्ही टिकले. काम झालं की ट्रेफर खिशातून काचेची गोटी काढून लादीवर ठेवायचा. गोटी जागची हलली नाही तर घरी. लोळली तर एक शब्द न बोलता तो छिन्नी लेकीच्या हातात द्यायचा. तेव्हापासून डेलिथची जमीन म्हणजे थाळीतलं पाणी. "माझ्या पॅसेजमध्ये गोटीला झोप लागते," ती फुशारकी मारायची, आणि ते खरंच होतं.

म्हणून हेडन व्हॉस्परच्या जमिनीचं जे झालं ते तिला असं लागलं.

हेडन सत्तरीचा. आमच्याच रस्त्यावर, त्याच घरात जन्मला. बत्तिसाव्या वर्षी पोलादाच्या कारखान्यात तापलेला रस उडाला आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून तो घरात काठी धरायचा नाही. पायात फक्त लोकरी मोजे. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात ताटली, आणि पॅसेजमधून असा यायचा की नवख्या माणसाला तो आंधळा असल्याची शंकाही येऊ नये.

जानेवारीत लाद्यांखालचा नळ फुटला. चुना भिजून सुटला, लाद्या डुगडुगायला लागल्या, आणि एक लादी पायाखालून सरकून हेडन पडला. हात मोडला. मग नगरपालिकेकडून हिबो नावाची तपासनीस बाई आली. बोलायला गोड, पण कागद कडक. महिनाभरात जमीन नीट झाली नाही तर या घरात एकट्याने राहायची परवानगी नाही. वृद्धाश्रमात खाट राखून ठेवलेली होती. खिडकीजवळची आहे, हिबो म्हणाली.

"खिडकीजवळची!" हेडन डेलिथला सांगत होता. "बघायला."

डेलिथ गुडघ्यावर बसून लाद्या ठोकत निघाली होती. ठप्प, ठप्प, ठप्प. "सगळी उचलावी लागणार, हेडन. दारापासून पायऱ्यांपर्यंत."

"उचल. पण जी जिथली आहे ती तिथेच परत बसव."

"नक्षी माझ्या डोक्यात आहे."

"नक्षी गेली खड्ड्यात. मला नक्षी दिसते का? इकडे ये, ट्रेफरच्या पोरी. बूट काढ. मोजेपण. आता चाल माझ्या मागे."

ती चालली.

"दारापाशी लादी उजवीकडे कलते. लागलं? मग सहा पावलं काही नाही. मग जिन्याच्या पायथ्याशी बशीएवढा खळगा. चार पिढ्या तिथे वळल्या, त्यांच्या नाल ठोकलेल्या बुटांनी झिजलाय. त्यात टाच बसली की मला कळतं, जिना डाव्या हाताला. पुढे चार पावलं. थांब. अंगठ्याला काय लागलं?"

"एक लादी वर आहे. नखभर."

"बस. ती लागली की थांबायचं. तिच्यापुढे स्वयंपाकघराच्या दोन पायऱ्या खाली उतरतात. अडतीस वर्षं त्या नखभर लादीने मला उभं धरलंय, डेलिथ. बायको गेली, ही राहिली."

डेलिथने अंगठा त्या कडेवरून दोनदा फिरवला. मग म्हणाली, "तुझी जमीन अगदी वाईट बसवलेली आहे."

"देवाची कृपा."

लाद्या उचलायची डेलिथची पद्धत बापाचीच. नंबर घालायचे नाहीत, कारण चुना सोडवायला लाद्या पाण्यात घालाव्या लागतात आणि नंबर धुऊन जातात. त्याऐवजी फळ्या. एका ओळीच्या लाद्या एका फळीवर, उचलल्या त्याच क्रमाने, उलट्या. पहिली फळी दारापाशी, शेवटची पायऱ्यांपाशी. एका वेळी एकच फळी घ्यायची, तिच्यावरच्या लाद्या भिजवायच्या, साफ करायच्या, परत त्याच जागी ठेवायच्या. मग पुढची. चारशे सोळा लाद्या, सव्वीस फळ्या. हेडनच्या मागच्या अंगणात तिने त्या विटांवर ओळीने मांडल्या आणि वर प्लास्टिक टाकलं. पॅसेजची माती उघडी पडली, तिच्यावर येण्याजाण्यापुरतं एक फळकूट टाकलं. हेडन त्या आठवड्यात पुढच्या खोलीतच बसून असायचा.

चार फळ्या साफ करून झाल्या. सोमवारी सकाळी डेलिथ चुना आणायला गेली. हिबो गुरुवारी येणार होती.

शेजारी नोरीन ड्रिस्कल राहते. आमच्या रस्त्यावर अजूनही काही बायका शुक्रवारी दारासमोरची पायरी घासतात, आणि त्यांत नोरीन पहिली. कुणी साहेबमाणूस येणार म्हटलं की ती शेजारच्यांची पायरीसुद्धा घासते, कारण "रस्त्याची अब्रू एकच असते." हेडन पुढच्या खोलीत रेडिओ लावून बसला होता. नोरीन मागच्या दाराने अंगणात शिरली, तिने प्लास्टिक उचललं आणि तिला ओळीने मांडलेल्या मळकट लाद्या दिसल्या.

डेलिथ परतली तेव्हा अंगणात साबणाचा वास होता. नोरीन बाह्या सरसावून, लाल हातांनी, घंगाळ उपडं करत होती.

"आलीस? बघ तरी!" नोरीन म्हणाली. "पाठ मोडली माझी. पण त्या सरकारी बाईला म्हणावं आता, दाखव बोट ठेवून कुठे मळ आहे."

फळ्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. रिकाम्या. आणि भिंतीशी लाद्यांचे ढीग लागले होते, कसे सुरेख, एकावर एक. तांबड्या तांबड्यांत. पिवळ्या पिवळ्यांत. काळ्या तिकोनी वेगळ्या. फुलाच्या नऊ लाद्या तिने टॉवेलने पुसून खुर्चीवर ठेवल्या होत्या.

डेलिथच्या हातातलं पोतं खाली पडलं.

"तुला आता निवडत बसायला नको," नोरीन म्हणाली. "रंगावारी लावून दिल्यात." मग तिने डेलिथचं तोंड पाहिलं. "काय झालं? फुटली का एखादी? मी तर अगदी लेकरासारख्या..."

"नोरीन, घरी जा."

"अगं, पण..."

"तुझ्या पाया पडते, घरी जा."

नोरीन गेली. डेलिथ खुर्चीवर बसायला गेली तर खुर्चीवर फुलांच्या लाद्या. ती खालीच बसली, ओल्या जमिनीवर. तिने एक तांबडी लादी उचलली, कडेवरून अंगठा फिरवला, खाली ठेवली. दुसरी उचलली. पहिलीसारखीच. नक्षी तिने अर्ध्या दिवसात लावली असती. पण कुठली लादी कुठल्या पावलाखाली झिजली, ते त्या फळ्यांनाच माहीत होतं.

सांगायला तर हवंच होतं. तिने रेडिओ बंद केला आणि सांगितलं.

हेडनने मान वर करून वास घेतला.  मग म्हणाला, "साबण कुठला वापरला तिने?"

"काय?"

"वास चांगला येतोय." आणि तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याची हनुवटी थरथरायला लागली, आणि डेलिथने तोंड दुसरीकडे फिरवलं, जणू त्याला ते दिसणार होतं.

"खुर्ची आण," शेवटी तो म्हणाला. "स्वयंपाकघरात. आणि लाद्या आण."

"हाताने ओळखशील?"

"हाताला काय कळतंय? हात कधी चाललेत त्यांच्यावर?" त्याने मोजे काढले.

सोमवारची दुपार आणि अख्खा मंगळवार तो खुर्चीवर बसून होता आणि डेलिथ त्याच्या तळव्यांखाली एकेक लादी सरकवत होती. मार्चची थंडी, स्वयंपाकघराची दगडी जमीन, तळवे निळे पडलेले. ती मधेमधे त्याचे पाय टॉवेलमध्ये गुंडाळून चोळायची. तो ओरडायचा, "चोळू नकोस, आठवण जाते!"

"ही?"

"नाही."

"ही?"

"अंहं... थांब. फिरव. अजून फिरव. ही जिन्याची आहे! डाव्या कडेची. हिची एक बाजू ओठासारखी गोल आहे."

"ही?"

"ही ओळखीची नाही. ही कुणाच्या घरची आहे?"

"तुझ्याच."

"मग कधी भेटली नाही आम्हाला."

नोरीन दाराबाहेर उभी राहून डोकवायची. आत यायची हिंमत नव्हती तिची. तिने कढईभर मटणाचा रस्सा आणून पायरीवर ठेवला आणि पळाली. हेडनने आतूनच आवाज दिला, "नोरीन! रश्श्यातले बटाटे रंगावारी लावलेस की नाही?" बाहेर हुंदका ऐकू आला. "अरे, हसवायला बोललो," तो पुटपुटला.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत चारशे सोळांपैकी एकतीस ओळखल्या गेल्या. नखभर वर असलेली ती नेमकी कुठली, ते कळणारच नव्हतं. ती लादी काही जाड नव्हती, कुणा कारागिराने तिच्याखाली चुना जास्त टाकला होता, इतकंच. आणि खळग्याच्या अठरांपैकी सात मिळाल्या.

"उरलेला खळगा तू कर," हेडन म्हणाला.

"कसा करू? झिजवू?"

"खालची माती खोल घे. आणि पायऱ्यांजवळची एक उचलून बसव. नखभर. मी सांगतो किती."

 चाळीस वर्षांत डेलिथने मुद्दाम वाकडी लादी बसवली नव्हती. चुकून बसलेली तर बापाने तीनदा उखडायला लावलेली.

"तुला लाज वाटतेय," हेडन म्हणाला.

"पाणसळ हातात धरायची लाज वाटतेय."

"मग धरू नकोस."

बुधवारी तिने सपाटी बघायची ती पाणसळ पिशवीतच ठेवली. चुन्याचा थर पसरला. जिन्याच्या पायथ्याशी तो हाताच्या तळव्याने दाबून बशीसारखा केला, त्यात लाद्या तिरक्या बसवल्या. त्यांच्या कडा एकमेकींना नीट मिळेनात, लाद्यांमधल्या दरजा कुठे रुंद कुठे अरुंद. कडेला टाकलेल्या फळकुटावरून हेडन एक पाय खळग्यात टेकवायचा. "अजून खाली. हं. आता टाच बसली. आता बापाचं घर वाटतंय." पायऱ्यांजवळ तिने एका काळ्या लादीखाली मूठभर चुना जास्त टाकला. हेडनने अंगठा लावला. "किंचित अजून." तिने अजून टाकला. "हीच! हीच ती!" त्याने पायाच्या अंगठ्याने त्या लादीला दोनदा टकटक केलं, जसा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर हात मारतो.

डेलिथ आमच्या दारांवरून खाली मान घालून घरी गेली. तिच्या नवऱ्याने विचारलं, "झाली का जमीन?" तर म्हणाली, "झाली. बघायला जाऊ नकोस."

गुरुवारी दहाला हिबो आली. डेलिथ पायऱ्यांजवळ उभी. नोरीन आपल्या दारात, ओठ हलताहेत, हातात जपमाळ.

"चालून दाखवता का, मिस्टर व्हॉस्पर?"

हेडन चालला. कल, सहा पावलं, खळगा, चार पावलं, अंगठा, थांबला. दोन पायऱ्या उतरला, किटली लावली, कप घेतला, वर आला, परत पुढच्या खोलीत. चहाचा थेंब सांडला नाही. "साखर किती?" त्याने हिबोला विचारलं.

हिबो खरंच हसली. "कमाल आहे! मला वाटलं नव्हतं हो." तिने लिहिलं. मग पॅसेजमधून स्वतः गेली आणि तिच्या बुटाचं टोक काळ्या लादीला लागलं. तिने भिंत धरली.



ती वाकली. पर्समधून छोटी मोजपट्टी काढली. खळग्यालाही लावली. "हे नवीन काम आहे?"

"हो," डेलिथ म्हणाली.

"माफ करा, पण हे... हे कुणी केलं?"

"मी केलं."

"ही कड सात मिलीमीटर वर आहे. मी हिच्यावरून सही नाही करू शकत. हा तर अडखळून पडायचा धोका झाला. आणि तो खड्डा."

"त्यांच्यामुळेच तो पडत नाही!" डेलिथचा आवाज चढला. "तुम्ही आत्ता पाहिलंत ना? डोळ्यांनी पाहिलंत!"

"पाहिलं. पण मदतनीस येतील, पाहुणे येतील. आणि उद्या यांचा पाय आजच्यापेक्षा थोडा कमी उचलला गेला तर? सत्तरीत पाय जड होतात, बाई. असे किती पडलेले मी पाहिलेत, तुम्हाला काय सांगू? भिंतीला धरायला दांडा बसवून देऊ आम्ही. अर्ज करा. चार महिने लागतील."

"आणि चहा कुठल्या हातात धरू?" हेडनने विचारलं.

हिबोने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "पुढच्या गुरुवारपर्यंत सपाट करून घ्या. मी लगेच सही करीन, शपथ. नाही झालं तर ती खाट मला थांबवून ठेवता येणार नाही." जाताना तिने चहाचा कप स्वतः खाली नेऊन ठेवला.

दार लागल्यावर डेलिथ म्हणाली, "मी हात लावणार नाही. सह्या गोळा करू. सगळा रस्ता देईल."

"तिच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं," हेडन म्हणाला. "उखड."

"हेडन."

"इथं राहायचं तर सपाट. वाकडं हवं तर वृद्धाश्रम. तिथली जमीन पण सपाटच असणार, डेलिथ, आणि तिथे मला जिना कुठे आहे ते सांगायला माझी आईसुद्धा कधी चालली नाही. उखड."

चुना अजून ओला होता. छिन्नी लावायची गरजच पडली नाही. काळी लादी थापीच्या टोकाने अशी अलगद वर आली की डेलिथला वाटलं, जरा तरी अडायला हवी होती.

मग तिने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. तीन दिवस. पाणसळ प्रत्येक ओळीवर, आडवी, उभी, तिरकी. झिजलेल्या लाद्यांखाली चुना वाढवून त्यांना वर आणलं, जाड लाद्यांखालचा कमी केला. दरजा नाणं उभं राहील एवढ्याच. जिन्याच्या त्या सात लाद्याही, त्यांचे ओठ दाबून, बाकीच्यांच्या बरोबरीला बसवल्या. नक्षी अशी उठून दिसायला लागली की येणारेजाणारे दारात थांबून फोटो काढायचे. गुरुवारी हिबोने मोजपट्टी लावली, उचलली, दुसरीकडे लावली. "असं काम मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली आणि तिने सही केली. नोरीनने केक आणला. खाट दुसऱ्या कुणाला तरी गेली.

शुक्रवारी सकाळी पावणेसातला डेलिथ हेडनकडे गेली. तो दारापाशी मोजे घालून उभा होता, पॅसेजकडे तोंड करून. निघालेला नव्हता.

"किती वेळ उभा आहेस?"

"रेडिओवर पहिल्या बातम्या झाल्या तेव्हापासून. जमीन कुठे आहे, डेलिथ? पायाला काहीच लागत नाहीये. बर्फावर उभं केल्यासारखं वाटतंय."

ती त्याच्या बाजूने पुढे गेली, दोन पायऱ्या उतरली, वळली आणि हात पसरून उभी राहिली. "मोजत ये. अकरा पावलं."

तो निघाला. नवव्या पावलावर थांबला, चाचपडला, हाताला जिन्याचा कठडा सापडला नाही, भिंत सापडली. परत गेला. दुसऱ्यांदा अकराव्यावर थांबला आणि बरोबर थांबला. डेलिथने टाळी वाजवली. "पाहिलंस? येतंय."

तिसऱ्यांदा त्याची पावलं मोठी पडली. दहावं पाऊल हवेत गेलं आणि तो सगळाच्या सगळा तिच्या अंगावर आला. दोघंही पायऱ्यांवर आपटले. तिचा गुडघा कडकन वाजला. 

"लागलं?"

"नाही. तुला?"

"नाही," ती खोटं बोलली. "पावलं सारखी टाक ना रे."

"सत्तर वर्षांत कधी टाकली नाहीत. गरजच कुठे पडली?" त्याने हात मागे नेऊन लादीवर फिरवला, इकडून तिकडे, परत इकडे. "किती छान बसवल्यास. एक कड सापडत नाही."

डेलिथने गुडघा चोळला.

"सोमवारी तुझं काम कुठे आहे?" त्याने विचारलं.

"पेनार्थला. मोठा पॅसेज आहे, दोन आठवड्यांचा."

"तुला किती वाजता निघायचंय?"

"सहाला."

"हं," तो म्हणाला. भिंतीला धरून उठला आणि दाराकडे गेला. डेलिथने चांगला गुडघा खालच्या पायरीवर टेकवला, दुखऱ्याला हाताने सरळ केलं आणि परत हात पसरले.

"एक," दारातून आवाज आला. "दोन."